वडाच्या मुळात लपवलेला स्पीकर

गेले दोन महिने बडोद्यातल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत एक वाद चालू आहे. दांडिया बाजारातल्या एका साखरपुड्यात तो सुरू झाला, पुढे एका बारशात वाढला, आणि आता कोणी नुसतं चहाला आलं तरी कप रिकामा व्हायच्या आत तो निघतो. विषय असा: शहरातल्या एका प्रदर्शनात शेजारशेजारच्या दोन खोल्यांत दोन ध्वनिशिल्पं मांडली होती. पहिल्या खोलीत वडाच्या सुकलेल्या मुळांचा आणि पारंब्यांचा मोठा गुंता छताला टांगलेला, आणि त्यातून अखंड झिरपणारा आवाज. पाखरं, सळसळ, मधूनच सतारीसारखं काहीतरी. दुसऱ्या खोलीत फरशीवर वाळू, वाळूत गळ्यापर्यंत पुरलेली पाच-सहा मडकी, वर चिरलेल्या बांबूतून ठिबकणारं पाणी, आणि सुतळीवर टेकवलेल्या दोन काळ्या दगडी पट्ट्या. पट्ट्यांशेजारी एक लाकडी टोला ठेवलेला. ज्याला वाटेल त्याने वाजवावं.

वादाची एक बाजू म्हणते, यात सूर नाही, ठेका नाही, बंदिश नाही, मग याला कला कोणत्या हिशेबाने म्हणायचं? दुसरी बाजू म्हणते, तुमचे कान जुने झालेत. पहिल्या बाजूला आमचे काका, चाळीस वर्षं गाणं शिकवलेले. दुसऱ्या बाजूला माझी भाची, जिने शिल्पकलेचं शिक्षण नुकतंच संपवलंय. दोघांनी एकमेकांना काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही, मला त्या दोघांच्याही घरी जेवायला जायचं असतं.

माझं म्हणणं असं की दोघांनी दोन्ही खोल्या एकाच मापाने मोजल्या आणि वाद तिथेच फसला. हे संगीत की शिल्प, हा ग्रंथपालाचा प्रश्न झाला. पुस्तक कोणत्या कपाटात ठेवायचं एवढंच त्याने ठरतं. अशा कामासमोर उभं राहिल्यावर आधी विचारायचं ते हे, की आवाज येतोय कुठून? जी वस्तू दिसतेय तिच्या अंगातून, की तिच्या पोटात दडवलेल्या भलत्याच वस्तूतून? दुसऱ्या खोलीतला आवाज मडक्याचा होता, पाण्याचा होता, दगडाचा होता. पहिल्या खोलीत मी खाली वाकून वर पाहिलं, तर मुळांच्या बेचक्यांत मुठीएवढे चार ब्लूटूथ स्पीकर काळ्या दोऱ्याने बांधलेले, आणि एकाचा निळा दिवा लुकलुकत होता. वडाचा त्या आवाजाशी संबंध काय? चपलांच्या कपाटात ठेवले असते तरी ते स्पीकर तेवढंच गोड बोलले असते. दुसरं काम कच्चं होतं, दोन मडकी तर जवळजवळ मुकीच होती, पण ते खरं होतं. पहिलं सफाईदार होतं आणि खोटं होतं.

हा प्रश्न मी नव्याने काढलेला नाही. नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग केलेत: तत, अवनद्ध, घन, सुषिर. ते वाद्याच्या किमतीवरून नाहीत, राजसभेत वाजतं की शेतात यावरूनही नाहीत. काय थरथरतं, एवढ्यावरच ते केलेले आहेत. तार थरथरते, ताणलेलं कातडं थरथरतं, भरीव वस्तू स्वतः थरथरते, किंवा पोकळीतली हवा. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या राजा शौरींद्र मोहन टागोरांनी बेल्जियमच्या राजाला भारतीय वाद्यांचा मोठा संच भेट पाठवला. ब्रुसेल्सच्या संग्रहालयात तो सांभाळणारे माहियाँ वाद्यांची वर्गवारी करायला बसले तेव्हा त्यांनी हीच चौकट हाताशी घेतली, आणि तिच्यावरूनच १९१४ साली होर्नबोस्टेल आणि झाक्स या दोन अभ्यासकांनी आज जगभर चालणारी पद्धत बेतली. म्हणजे ज्या प्रश्नावर जगातली वाद्य-संग्रहालयं उभी आहेत तो प्रश्न आपल्या घरचा, आणि आपणच तो विचारायचा सोडून ‘हे संगीत आहे का’ यावर एकमेकांची तोंडं बंद करतोय.

जाता जाता एका तिसऱ्या गटाचाही हिशेब करून टाकतो. हा गट कुठल्याही नव्या कामाला ‘आपल्याकडे हे होतंच’ म्हणून हार घालतो. परवा एकांनी त्या मडक्यांकडे बोट करून ‘अनाहत नाद’ म्हटलं. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात, आपल्याच देवगिरीत, संगीत रत्नाकर लिहिला, आणि त्यात आहत आणि अनाहत हा भेद लख्ख सांगितलेला आहे. आहत म्हणजे आघातातून उठलेला, कानांना ऐकू येणारा. अनाहत हा योग्यांचा विषय, आणि तो रंजक नाही असंही तिथे म्हटलंय. थेंब पाण्यावर पडून उठलेल्या आवाजाला अनाहत म्हणणं म्हणजे ताटातल्या भाताला निर्जळी उपास म्हणण्यासारखं आहे.

आता काकांकडे येतो, कारण त्यांचा मुद्दा हलका नाही. ते म्हणतात, संगीत म्हणजे अपेक्षा निर्माण करणं आणि ती पुरी करणं किंवा मोडणं. समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, येताना श्रोत्याची मान आपोआप हलते ती कोणीतरी वाट बांधलेली असते म्हणून. मडक्यात थेंब कधी पडेल त्याला वाट नाही, वळण नाही. तो पडतो तेव्हा पडतो. मान्य. शब्दशः मान्य. ठिबकणारं पाणी संगीत नाही, आणि जे कलाकार त्याला ‘निसर्गाची सिंफनी’ असलं काही म्हणतात ते स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतात. पण काका, तुमच्या बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात गवसणीत जो उभा आहे, त्याला बंदिश येते का? तानपुऱ्याला ताल नाही, आलाप नाही, समही नाही. चार तारा एकामागून एक छेडल्या जातात, बस्स. तरी तो जुळला नाही तर तुम्ही गायला बसत नाही.

तानपुरा म्हणजे काय, हे पुन्हा एकदा हात लावून पाहावं. पंढरपूरकडच्या शेतात वाढलेला, खायला निरुपयोगी असा कडू भोपळा. तुणीचं लाकूड. मिरजेच्या एखाद्या कारखान्यात महिनोन्‌महिने चाललेली तासणी, जोडणी, रंगकाम. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते या हातांमुळे. आणि शेवटी जवारी. घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानसेने असा घासायचा की तार तिच्यावर टेकतेय न टेकतेय, मग तारेखाली सुताचा एक धागा सरकवायचा. धागा केसभर पुढे गेला तर तार नाकात बोलते, केसभर मागे आला तर मुकी होते, आणि मधल्या एका जागी अचानक एका तारेतून पाच सूर उघडतात. मी एकदा जवारी काढणाऱ्या कारागिराशेजारी तासभर बसलो होतो. त्या तासात तो एक शब्द बोलला नाही. डोळे मिटलेले, कानस दोनदा फिरवायची, तार छेडायची, परत कानस. निसर्गातला एक पदार्थ घेऊन, त्याला आकार देऊन, आकाराची परीक्षा कानाने करणारा तो माणूस शिल्पकार नाही तर कोण आहे? काकांचा आक्षेप असा की तानपुरा गाण्याच्या सेवेत असतो, एकटा तानपुरा ऐकायला कोणी तिकीट काढत नाही. खरं आहे. पण गायकाने सूर लावायच्या आधीची ती दोन मिनिटं, नुसता तानपुरा भरत असतानाची, सभागृहात तेव्हा कोणी खोकतही नाही. ध्वनिशिल्प मागतं ते त्या दोन मिनिटांसारखं ऐकणं. त्याहून जास्त मागेल तर त्याचा तोल जाईल.

आणि यंत्र विरुद्ध कान हा वाद बडोद्याला नवा आहे का? १९१६ साली सयाजीरावांच्या आश्रयाने संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद याच शहरात भरवली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, आणि त्यांचे इंग्रज सहकारी क्लेमंट्स, पेशाने न्यायाधीश, यांनी बावीस श्रुतींचं, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म सुरांचं, गणित मांडून खास हार्मोनियम तयार करवून घेतली होती. कागदावर तिचे आकडे बिनचूक. परिषदेत तिची परीक्षा झाली ती नामांकित गवय्यांच्या गळ्यासमोर, आणि गळा आणि पेटी जुळेनात. मला देवलांविषयी आदरच आहे. निवृत्तीनंतर माणसाने इतक्या चिकाटीने तारा मोजाव्यात ही साधी गोष्ट नाही. पण त्या दिवशी ‘हार्मोनियम हे आपलं वाद्य की परकं’ असल्या वादाने निकाल लागला नाही. पेटी वाजवली, गवई गायले, लोकांनी ऐकलं. एकशे दहा वर्षांनी आपण दोन खोल्यांत जाऊन आलो आणि ऐकल्याबद्दल कोणी एक वाक्य बोलत नाही. कोणतं मडकं बोललं, कोणतं नाही, दगडाच्या पट्टीचा आवाज मध्यावर मारल्यावर कसा आणि टोकाला कसा, हे भाचीला विचारलं तर तिलाही सांगता आलं नाही. ती कलाकाराने भिंतीवर लावलेलं निवेदन वाचून आली होती.

पण तिचेही दोन मुद्दे असे आहेत की त्यांनी माझी आठवडाभराची झोप उडवली. पहिला असा: मामा, तुला स्पीकरचा एवढा राग का? माणसाचा कान वीस हजार हर्ट्झपाशी संपतो, त्यापलीकडे जग मुकं आहे का? नाही. तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली दाखवून दिलं की पाणी तोडलेली किंवा खोड कापलेली टोमॅटोची आणि तंबाखूची झाडं चाळीस ते ऐंशी हजार हर्ट्झच्या पट्ट्यात टकटक आवाज करतात. तहानलेलं टोमॅटोचं झाड तासाला तीस-चाळीस वेळा. बहुधा खोडातल्या पाण्याच्या नळ्यांत हवेचे बुडबुडे फुटण्याचा तो आवाज. तो माणसाला ऐकवायचा तर यंत्र लागणारच. अमेरिकन संगीतकार जॉन केजने १९७५ साली निवडुंगाच्या काट्यांना मायक्रोफोन लावून एक रचना केली, वादकाने काटे बोटांनी छेडायचे. तिथेही आवाज शेवटी स्पीकरमधूनच येतो. मग तेही खोटं?

नाही, खोटं नाही, आणि भाचीने मला माझं वाक्य नीट बांधायला लावलं. मायक्रोफोन म्हणजे भिंग. भिंगातून मुंगी हत्तीएवढी दिसली तरी ती मुंगीच असते. काटा खरोखर थरथरला, तोच थरथराट मोठा झाला. पण हल्ली बाजारात जी उपकरणं मिळतात, पानाला दोन चिमटे लावायचे आणि ‘तुमची तुळस गाते’, त्यांचा प्रकार निराळा. ती पानातून जाणाऱ्या विजेतले सूक्ष्म चढउतार मोजतात, त्या आकड्यांना कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले सूर जोडतात, आणि आवाज काढतो सिंथेसायझर. ओळखीतल्या एकाने असं उपकरण हौसेने आणलं. तुळस फारच सुरेल निघाली, भूप रागासारखे पाचच सूर, एकही वर्ज्य स्वर लागत नव्हता, तेव्हाच मला शंका आली. आम्ही चिमटे काढून स्वयंपाकघरातल्या ओल्या फडक्याला लावले. फडकंही तितकंच सुरेल गायलं. त्यांच्या बायकोने तेवढ्यात विचारलं, ‘आता याच्याने ओटा पुसू का नको?’ भिंग आणि मुखवटा यांत फरक करता आला पाहिजे. माझी तक्रार स्पीकरबद्दल नाहीच, तोतयेगिरीबद्दल आहे. ध्वनिकलाकार मॅक्स नॉयहाउसने १९७७ साली न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये रस्त्याच्या जाळीखाली एक आवाज बसवला, घंटेच्या गुंजेसारखा भासणारा. तो विजेवरच चालतो, पण तो झाड असल्याचं सोंग घेत नाही. पाटी नाही, नाव नाही. लोक जाळीवरून जातात, काहींना जाणवतं, बहुतेकांना नाही.

तिचा दुसरा मुद्दा मी जवळजवळ पूर्ण कबूल करतो. ती म्हणाली, तू ‘नैसर्गिक पदार्थ’ म्हटलं की विरघळतोस. बांबू, माती, भोपळा दिसला की तुला पावित्र्य दिसतं. खरं आहे, आणि हा रोग माझ्या पिढीत पसरलेला आहे. हॉटेलांच्या व्हरांड्यात टांगलेल्या बांबूच्या किणकिण-माळा त्यातूनच आल्या. क्रोएशियातल्या झादर शहरात निकोला बाशिच या वास्तुकाराने २००५ साली किनाऱ्यावर समुद्राचं ऑर्गन बांधलं. सत्तर मीटर लांब दगडी पायऱ्या, त्यांच्या पोटात वेगवेगळ्या लांबीच्या पस्तीस नळ्या. लाट आत शिरते, हवा दाबते, पायऱ्यांच्या भोकांतून सूर उठतात. त्या नळ्या आहेत प्लॅस्टिकच्या. तरी ते काम आमच्या प्रदर्शनातल्या वडापेक्षा शंभर पटींनी खरं, कारण वाजवणारा समुद्र आहे आणि समुद्र थांबला की आवाज थांबतो. महायुद्धातल्या बाँबहल्ल्यांनंतर घाईने काँक्रीट ओतून उभारलेला तो रुक्ष किनारा, तिथे आता लोक संध्याकाळी नुसते बसायला येतात. तेव्हा पदार्थ नैसर्गिक आहे म्हणून गुण द्यायचे नाहीत. त्या पदार्थाकडून काम करून घेतलंय का, एवढं बघायचं. दुसऱ्या खोलीतला दगड दगडाचं काम करत होता. पहिल्या खोलीतला वड नोकरी नसलेल्या जावयासारखा नुसता टांगलेला होता.

तरी पदार्थाचा प्रश्न या शहरात इतक्या लवकर मिटवू नये, कारण तो इथे एकदा जोरात लढला गेलाय. शिल्पकार मृणालिनी मुखर्जी बडोद्यात शिकल्या, चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली. पुढे त्यांनी तागाच्या दोऱ्या रंगवून, हाताने गाठी मारत माणसाहून उंच आकृती उभ्या केल्या. तेव्हा ‘हे शिल्प कसलं, ही तर विणकामाची हौस’ असं म्हणणारे कमी नव्हते. दगड आणि कांसं म्हणजे शिल्प, दोरी म्हणजे बायकांचा दुपारचा उद्योग. २०१९ साली, त्यांच्या निधनानंतर चार वर्षांनी, न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. मला त्यांच्या कामात भिडतं ते हे की दोरी शेवटपर्यंत दोरी राहते. ती स्वतःच्या वजनाने लोंबते, गाठ दिसते, पीळ दिसतो; ती कांशाचं सोंग घेत नाही. ज्यांनी डोळ्यांसाठी ही गोष्ट मान्य केली ते कानांसाठी का करत नाहीत?

एवढं लिहून झाल्यावर वाटलं, नुसतं बोलणं सोपं आहे, एकदा करून बघावं. जपानी बागांत एक जुना प्रकार असतो, सुइकिनकुत्सु. हात धुवायच्या दगडी कुंडीखाली एक घडा पालथा पुरतात, बुडाला भोक, आत तळाशी थोडं पाणी. हात धुतलेलं पाणी झिरपून भोकातून थेंब थेंब आत पडतं आणि जमिनीखालून तारवाद्यासारखा आवाज येतो. एदो काळातल्या, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या, माळ्यांची ही करामत. मी गच्चीत आधी साधा माठ पालथा घातला. तीन दिवस नुसतं टप, टप, गळक्या नळासारखं. माठ कच्च्या भाजणीचा आणि सच्छिद्र, ओला झाला की आवाज पिऊन टाकायचा. मग नजर गेली चिनी मातीच्या बरणीकडे, दहा किलोची, आतून-बाहेरून झिलईची. टाइल्स बसवणाऱ्या एका मुलाने डायमंडचं बिट लावून, वर पाण्याची धार धरून, बुडाला करंगळी जाईल एवढं भोक पाडून दिलं. आई देवळातून परत आली ती नेमकी तेव्हा. ‘अरे, ती सासूबाईंची बरणी! आता कैऱ्या काय तुझ्या डोक्यावर घालू?’ त्यावर माझ्याकडे वैचारिक उत्तर नव्हतं.

परातीत दोन बोटं पाणी, त्यात तीन गोटे, गोट्यांवर बरणी पालथी, भोवती घमेलंभर खडी, आणि कानाशी धरायला बांबूची नळी. पहिला थेंब पडला आणि मी चक्क दचकलो. टप नव्हतंच ते. आधी बारीक टंकार, मग बरणीच्या पोटात फिरून विरत जाणारी गुंज. थेंबाचा आवाज पाण्यावर आपटण्याचा नसतो, त्याखाली अडकलेला हवेचा बुडबुडा थरथरतो त्याचा असतो, हे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१८ साली वेगवान कॅमेऱ्याने दाखवलं आहे. पण एक गोष्ट मला बरणीनेच शिकवली. भोकाच्या कडेला थेंब एकाच जागी जमत नाही, दोन-तीन जागी जमतो; प्रत्येक जागचा थेंब वेगळ्या ठिकाणी पडतो आणि वेगळा बोलतो. म्हणून ठेका कधी सरळ बसत नाही. परातीत पाणी तीन बोटांवर गेलं की आवाज जाड होतो, चार बोटांवर जवळजवळ बंद. म्हणजे एका बोटाच्या फरकात सगळा खेळ. जवारीच्या धाग्याची मला आठवण झाली ती उगाच नव्हे. प्रदर्शनातली दोन मडकी मुकी का होती तेही आता कळलं. त्यांत पाणी जास्त झालं होतं, आणि ते उपसायचं कोणाचं काम हे ठरलेलं नव्हतं.

आणि इथेच विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा येतो, जो गंमत म्हणजे वादात कोणीच मांडला नाही. असली कामं टिकत नाहीत, आणि आपल्या शहरात ऐकूही येत नाहीत. नवरात्रात गरब्याच्या मैदानावरचा बास आमच्या खिडकीच्या काचांना ऐकू येतो, तिथे थेंबाचं काय? रावपुऱ्यात दुपारी स्वतःच्या फोनची घंटा कळत नाही. टिकाऊपणाचं म्हणाल तर हंपीच्या विठ्ठल मंदिरातले वाजणारे खांब बघा. सोळाव्या शतकातलं ते दगडी काम, आणि इतक्या लोकांनी इतकी वर्षं टिचक्या मारल्या की आता हात लावायलाच मनाई. म्हणजे जे वाजण्यासाठी घडलं ते जपण्यासाठी मुकं करावं लागलं. याला उत्तर काय?

आवाजाच्या मुद्द्याला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. कमाटीबागेत सकाळी सहाला, किंवा विश्वामित्रीच्या काठाला जिथे अजून मगरी ऊन खात पडतात अशा जागी, शहर अजून ऐकू येतं; तिथे दहा फूट बाय दहा फूट कोपरा पुरेल. चौकात असलं शिल्प बसवू नये, बसवलं तर ते कारंजं होईल. टिकाऊपणाच्या मुद्द्याला मात्र पूर्ण उत्तर आहे. हंपीचा खांब फुटला तर दुसरा मिळत नाही. मडकं फुटलं तर कुंभार दुसरं देतो. तबल्याची पुडी बदलतात, तानपुऱ्याची जवारी पुन्हा काढतात, तारा तर वर्षाला बदलतात. वाद्य जगतं ते दुरुस्तीवर. ध्वनिशिल्पाला शिल्पाचे नियम लावून ‘हात लावू नये’ची दोरी बांधली की ते मेलं. त्याला वाद्याचे नियम लावा. त्याच्यासाठी उद्घाटनाच्या खर्चाच्या चौथाईत एक माणूस ठेवा, जो रोज सकाळी पाणी एका बोटाने कमी करेल. आमच्याकडे फीत कापायला पाच जण लागतात आणि नंतर पाणी उपसायला एकही नसतो, या तक्रारीला कलेचं तत्त्वज्ञान लागत नाही.

बडोद्यातच हे व्हावं असं मला वाटतं त्याला कारण आहे. गायक मौलाबक्षांची गायनशाळा इथे १८८६ साली निघाली, घरंदाज उस्तादाच्या ओट्यावरून गाणं शाळेच्या फळ्यावर आणलं; आज ती विद्यापीठाचा भाग होऊन सुरसागर तलावाच्या काठी आहे. त्याच विद्यापीठाची ललित कला शाखा १९५० सालची, शंखो चौधुरींनी तिथला शिल्प विभाग उभा केला. दोघांमध्ये रिक्षाचं भाडं फार तर पन्नास रुपये. एका ठिकाणी सत्तर-पंच्याहत्तर वर्षं मुलं माती, लाकूड, दगड घडवताहेत, दुसऱ्या ठिकाणी त्याहून जवळजवळ दुप्पट वर्षं मुलं कान तयार करताहेत. त्या मुक्या मडक्यांच्या कलाकाराला गायनशाळेतल्या एखाद्या पोराने पाच मिनिटांत सांगितलं असतं की तिसरं मडकं बेसूर आहे. आणि त्याला सूर लावायला कुंभारवाड्यातल्या म्हाताऱ्याला विचारावं लागलं असतं, कारण माठ बोटाने वाजवून पक्का की कच्चा ओळखणं हे त्याचं रोजचंच आहे.

काका गेल्या रविवारी आले होते. गच्चीत जायला तयार नव्हते, गुडघे दुखतात म्हणाले, पण आईने ‘जा हो, तेवढ्यासाठी माझी बरणी गेली’ म्हटल्यावर चढले. खुर्ची ठेवली, बांबूची नळी हातात दिली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘हे संगीत नाही.’ मी म्हटलं, नाहीच म्हणतोय मी पण. नळी कानाशीच होती. ‘मधला थेंब पंचमाला लागतो, पण किंचित उतरा आहे,’ ते म्हणाले, ‘पाणी जास्त झालंय का?’ मी परात तिरकी करून थोडं पाणी सांडलं. त्यांनी हाताने थांब म्हटलं, ऐकलं, आणि मान हलवली.

‘अजून अर्धा तांब्या काढ.’